सहाबारीचा अर्धा बार

रव्याचा डबा हलका होत होता आणि संशय माझ्यावर होता.

माझं लग्न होऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. आमच्या मुलखात खायची ती ज्वारी. गहू थोडा पिकायचा, तो भिजवून, जात्यावर भरडून, चाळून रवा काढायचा आणि पितळी डब्यात जपून ठेवायचा. पाहुणा आला किंवा सण आला तरच तो डबा उघडायचा. त्यामुळे त्यातला रवा कमी झालेला आत्याबाईंच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या, नजरेतून सुटणं शक्य नव्हतं.

"काहून गं, गोडाची इतकी आवड हाय का तुला?" एक दिवस चुलीपाशी त्यांनी विचारलं. आवाज शांत होता. "हाय तं मागून खा. चोरून काहून खाते?"

"म्या न्हाई घेतला, आत्याबाई."

"मग डबा आपल्या पायानं चालून राहिला का?"

मी पुढे बोलले नाही. नव्या सुनेनं जास्त बोललं की तेच तिच्या अंगावर येतं, हे मला आईनं सांगून ठेवलं होतं. पण त्या दिवसापासून आत्याबाई डब्यातला रवा थापटून सपाट करायच्या आणि त्यावर बोटानं एक रेघ ओढून ठेवायच्या. मला ते दिसू नये म्हणून पाठ करून बसायच्या. मला ते दिसत होतं. दोन-तीन दिवसांनी रेघ मोडलेली असायची आणि त्या जेवताना माझ्या ताटाकडे बघत राहायच्या.

मग मीही पाळत ठेवायला लागले. आधी धुणं-भांड्याच्या बाईवर माझा संशय होता, नंतर धाकट्या दिरावर. भावजी तेव्हा मिसरूड फुटलेले, घरात कमी आणि बाहेर जास्त. पण एका दुपारी आत्याबाई नदीवर गेल्या होत्या, मी माजघरात धान्य निवडत बसले होते, आणि स्वयंपाकघरात शिरले ते मामंजी.

माझे सासरे गावचे पोलीस पाटील. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी आले तरी आधी खाकरणारे. त्या दिवशी ते खाकरले नाहीत. डबा उघडला, उपरण्याच्या पदरात मूठभर रवा घेतला, झाकण लावलं आणि मागच्या दारानं गेले.

हे सांगायचं कुणाला? आत्याबाईंना सांगितलं असतं तर चोरीबरोबर थोरांवर आळ घेतल्याचा गुन्हाही माझ्या माथी आला असता. आमचे हे हिंगोलीला निजामाच्या कचेरीत कारकून होते, शुक्रवारच्या सुटीला तेवढे गावी यायचे; त्यांना सांगितलं असतं तर त्यांनी मान खाली घालून ऐकून घेतलं असतं, एवढंच. आणि खरं म्हणजे माझ्या मनात दुसरंच यायला लागलं होतं. माणूस चोरून रवा नेतो तो कुणाच्या तरी शिऱ्यासाठी. गावाबाहेरच्या वस्तीत कुणी आहे की काय, असं मला वाटायला लागलं. मामंजी जेवायला बसले की त्यांच्या तोंडाकडे मी तोच प्रश्न घेऊन बघायची.

गोठ्यामागे आमची कडब्याची खोली होती. पुढच्या खेपेला मामंजी रवा घेऊन तिकडेच गेले आणि आतून कडी लावली. थोड्या वेळानं फटीतून धूर आला. कडब्याच्या खोलीत विस्तव. मी हातातलं सूप टाकून धावले.

"मामंजी, आत काही जळून राहिलं का?"

मग कडी निघाली.

"आत ये," ते म्हणाले, "अन् दार लाव."

कडब्यापासून दूर, मातीनं सारवलेल्या कोपऱ्यात शेगडी होती. शेगडीवर लोखंडी पळी, आणि पळीत चांदीसारखं काहीतरी थरथरत होतं. शेजारी घोंगडीवर त्यांची सहाबारी ठेवली होती. हिला गावात सगळे सहाबारीच म्हणत. हिंगोलीला इंग्रजांची छावणी होती, ती उठली तेव्हा जाणाऱ्या एका साहेबानं मामंजींच्या वडिलांना दिलेलं हे जुनं पिस्तूल. मधल्या चक्राला सहा घरं, म्हणून सहाबारी. परवाना मामंजींच्या नावावर होता. रानडुकरं पिकात शिरली की ते माळावर उभं राहून एक-दोन बार काढायचे आणि आवाज पार नदीपर्यंत जायचा. त्या आवाजामुळे आमच्या गावाला दरोडेखोरांचा त्रास नाही, असं लोक मानत.

"हे शिसं हाय," मामंजी म्हणाले. "पाण्याचा थेंब आणू नको जवळ, उडते अंगावर."

मी रव्याकडे बघत होते. तो एका वाटीत होता, वाटीशेजारी बंदुकीची काळी दारू होती.

त्यांनी माझी नजर ओळखली. आणि मग, कदाचित कुणाला तरी सांगायची त्यांनाही इच्छा असावी, त्यांनी सगळं दाखवलं. नदीवरच्या भोयांकडून त्यांच्या जाळ्याची मोडकी वजनं ते घ्यायचे. ते शिसं मऊ असतं, नखानं ओरखडा उठतो. कल्हईवाल्याकडचं घेतलं तर त्यात कथील असतं, ते कडक पडतं, आणि ही जुनी नळी कडक गोळी सोसत नाही. वितळलेलं शिसं अडकित्त्यासारख्या साच्यात ओतायचं, साचा उघडला की गोल गोळी बाहेर पडते, तिला ओतल्या जागेची बारीक शेंडी असते, ती छाटायची. चक्राच्या घरात आधी दारू, वर गोळी, आणि गोळी दांड्यानं दाबून बसवायची. घराच्या तोंडापेक्षा गोळी अंगानं जराशी मोठी, त्यामुळे दाबताना तिच्या कडेनं शिशाचं एक बारीक कडं निघतं. ते निघालं म्हणजे गोळी घट्ट बसली. वर मधमाशीचं मेण करडईच्या तेलात मळून लावायचं, म्हणजे एका घराची आग दुसऱ्या घरात शिरत नाही.

"अन् रवा?" मी विचारलं.

"लोखंड म्हातारं झालं, पोरी. घर भरून दारू घातली तं फुटंल अशी भीती वाटते. म्हून अर्धीच घालतो. पण अर्धी घातली की गोळी अन् दारूच्या मंधात पोकळी ऱ्हाते, ते बी धोक्याचं. म्हून वर रवा. माझा बाप बी शेवटी शेवटी असंच भरायचा."

"मग लपवून काहून?"

ते हसले नाहीत. "गावाला हिचा धाक हाय. हिच्यात अर्धा रवा हाय हे कळलं तं तो धाक ऱ्हाईल का? तू कुणाला सांगू नको. घरात बी."

"आत्याबाई मला चोर समजून राहिल्या."

"तिला मी बघतो," ते म्हणाले.

त्यांनी काय बघितलं ते मला त्याच संध्याकाळी कळलं. त्यांनी आत्याबाईंना सांगितलं की आपण मुंग्यांना रवा घालायचं व्रत घेतलंय. आत्याबाईंनी ऐकून घेतलं. माझ्यावरचा आळ गेला, पण दुसऱ्या दिवशी भाकरी थापताना त्या मला म्हणाल्या, "या वयात मुंग्या. तुला पटते का?" मी चुलीतलं लाकूड आत सारलं. आणि मग पुढे कितीतरी वर्षं त्या मामंजींकडे तशाच नजरेनं बघत राहिल्या, जशी मी काही दिवस बघितली होती.

पुढे मामंजींच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरायला लागला. साच्याच्या तोंडाऐवजी शिसं बाहेर सांडायचं. एकदा त्यांच्या धोतराला भोक पडलं, आणि त्यानंतर ओतायचं काम माझ्याकडे आलं. हळूहळू सगळंच आलं. रानात दिसत नाही म्हणून त्यांनी पुड्या करून घ्यायला सुरुवात केली: पातळ कागदात दारू, रवा आणि गोळी, हिंगाची पुडी बांधावी तशी बांधायची, तिथं नुसती चक्रात सारून दाबायची. माझ्या हाताच्या पुड्या त्यांना आवडायच्या. "बराबर हाय," एवढंच म्हणायचे. माणसानं माणसाला शाबासकी द्यायची त्या घरात पद्धत नव्हती, म्हणून ते एवढंसंही मला पुष्कळ वाटायचं.

मग ते वर्ष आलं. कनेरगावच्या नाक्यापलीकडचं वऱ्हाड स्वतंत्र झालं, वाशीमला झेंडा लागला, आणि नाक्याच्या अलीकडचे आम्ही निजामाचेच राहिलो. तोवर आम्ही त्या नाक्यावरून मिठा-गुळाला ये-जा करत होतो. आता पलीकडून येणाऱ्या माणसाच्या पिशव्या उलट्या करून बघायला लागले. गावातली माणसं एकमेकांशी बोलताना आधी मागं बघायची. रात्री कुणाकडे कोण आलं, कुणाचा पोरगा आठ दिवस दिसला नाही, कुणी ठाण्यावर जाऊन काय सांगितलं, याशिवाय पाणवठ्यावर बोलणं नव्हतं. निजामाच्या बाजूच्या, हत्यारं घेतलेल्या खाकी कपड्यातल्या टोळ्या हिंगोलीच्या रस्त्यानं फिरत होत्या. पलीकडे नदीच्या काठानं निजामाविरुद्ध उठलेल्या तरुणांच्या छावण्या पडल्या होत्या. आमचे भावजी त्यातल्याच एका छावणीत गेले.

ते अधूनमधून पैनगंगा उतरून घरी यायचे. जेवायचे, आत्याबाईंशी दोन शब्द बोलायचे आणि जायचे. मामंजींशी मात्र त्यांचं एकच बोलणं.

"आबा, सहाबारी द्या."

"न्हाई. अमीन येऊन बघतो. परवान्याचं हत्यार घरात पाहिजे."

अमीन म्हणजे ठाण्याचा मुख्य. तो महिन्या-महिन्यानं यायचा, ओसरीवर बसायचा, चहा घ्यायचा, सहाबारी हातात घेऊन उलटीसुलटी करायचा आणि परत द्यायचा. आदबीनं बोलणारा माणूस. पण जाताना घराच्या प्रत्येक दाराकडे बघून जायचा. या चहाची बातमी नदीपलीकडे पोचली होती.

उन्हाळ्यातल्या एका दुपारी भावजी आले तेव्हा आम्ही सगळे माजघरात होतो. मामंजी खाटेवर, आत्याबाई शेवया वळत होत्या, मी त्यांना पीठ मळून देत होते. शुक्रवार होता, पण हे त्या आठवड्यात आले नव्हते.

"छावणीतले लोक मला काय विचारतात ठाव हाय का?" भावजी म्हणाले. "तुझा बाप अमीनला चहा पाजतो, तुझा भाऊ निजामाच्या कचेरीत बसतो. तू कुणाचा?"

"तू काय सांगितलं?" मामंजींनी विचारलं.

कोनाड्यात मी बांधलेल्या पुड्यांची डबी होती, ती भावजींनी काढली. "सहाबारी न्हाई तं न्हाई, ह्या तरी नेतो. एकापाशी असलंच पिस्तूल हाय." त्यांनी एक पुडी उचलली, हातावर तोलली, आणि काय मनात आलं कुणास ठाऊक, फाडली.

तळहातावर थोडी काळी दारू पडली. मग पांढरा रवा. मग गोळी.

शेवयांचा हात थांबला.

"ह्याच्यात रवा हाय," भावजी म्हणाले.

त्यांनी दुसरी फाडली. तीच गत.

"कुणी बांधल्या ह्या?"

"म्या," मी म्हणाले.

ते माझ्याकडे वळले. माझ्याकडे आजवर कुणी तसं बघितलं नव्हतं. रव्याची चोर होते तेव्हाही नाही. "कुणाच्या सांगण्यावरून, वहिनी? दादाच्या?"

"त्यांना यातलं काही ठाव न्हाई."

"दारू काढून रवा भरायचा. म्हणजे वेळेवर नुसता आवाज व्हावा अन् समोरचा उभाच ऱ्हावा. कचेरीत शिकवतात का हे?"

"म्या सांगितलं तिला," मामंजी म्हणाले. खाटेवरून ते उठून बसले होते. "लोखंड जुनं हाय म्हून अर्धा बार भरतो. धा-पंधरा वर्षं झाली. तुझा आजा बी भरायचा."

"आजवर तं कुणाला सांगितलं न्हाई."

"न्हाई सांगितलं."

"आयेला ठाव हाय?"

आत्याबाई मामंजींकडे बघत होत्या. "मुंग्या," त्या हळूच म्हणाल्या.

मामंजींनी मान खाली घातली, आणि भावजींना तेवढं पुरलं. घरातल्या बाईलाही जे सांगितलं नाही ते खरं कसं असेल? त्यांच्या जागी मी असते तर मलाही पटलं नसतं. इतकी वर्षं जपलेली ती गोष्ट त्या माजघरात उघडी पडली तेव्हा घाईनं रचलेल्या थापेसारखी दिसली. भावजींनी हातातला रवा जमिनीवर झटकला आणि ते निघून गेले. आत्याबाई उठल्या, केरसुणी आणली, रवा गोळा केला आणि परत शेवया वळायला बसल्या. त्या दिवशी त्यांनी मामंजींना जेवायला स्वतःच्या हातानं वाढलं आणि समोर बसून राहिल्या. त्यांच्या मनात काय चाललं होतं मला सांगता येणार नाही. पण त्यांची ती जुनी नजर मी पुन्हा कधी पाहिली नाही.

चार-सहा दिवसांनी ठाण्यावरून निरोप आला. परवान्याची सगळी हत्यारं जमा करायची. अमीनसाहेब स्वतः येतील.

मामंजींनी पेटी उघडली. घोंगडीची गुंडाळी होती, आत सहाबारी नव्हती.

पेटीची किल्ली तुळईच्या फटीत असायची. ती जागा मला आणि मामंजींना माहीत होती. मामंजींनी माझ्याकडे बघितलं. ते क्षणभरच होतं, आणि त्यांनी लगेच डोळे वळवले, पण मी ते बघितलं.

"म्या न्हाई, मामंजी."

"मी कुठं म्हनलं?"

दुसऱ्या दिवशी हे हिंगोलीहून आले. पायही धुतले नव्हते, तर मामंजींनी विचारलं, "तू नेली का? कचेरीत जमा केली का परस्पर?" ह्यांना काही उमगेना. ते कधी कुणाशी वाद न घालणारे. त्या दिवशी मात्र म्हणाले, "आबा, कचेरीत मला विचारतात तुझा भाऊ कुठं हाय. घरी आलो तं तुमी विचारता पिस्तूल कुठं हाय. मी बसू तरी कुठं?" आणि ओट्यावर जाऊन बसले. मी पाण्याचा तांब्या नेऊन दिला तर तो त्यांनी तसाच हातात धरून ठेवला. दुपारी न जेवताच ते परत हिंगोलीला गेले.

ते गेले आणि गावात उन्हामुळे सगळी दारं बंद झाली, तेव्हा परसातल्या काट्यांच्या कुपाटीतून भावजी आत आले. उजवा हात धोतराच्या फडक्यात गुंडाळलेला. फडकं काळं पडलं होतं. डाव्या खांद्याला पिशवी होती, ती त्यांनी मामंजींच्या पायाशी ठेवली आणि भिंतीला टेकून खाली बसले.

पिशवीत सहाबारी होती. चक्राची दोन घरं फुलासारखी उघडली होती आणि वरची पट्टी वाकून उभी राहिली होती.

किल्लीची जागा त्यांना लहानपणापासून माहीत होती, हे तेव्हा आमच्या ध्यानात आलं.

"पुरं भरलं होतं का?" मामंजींनी विचारलं.

"व्हय."

"आपली दारू?"

"न्हाई. छावणीतल्या एकानं दिली. रायफलीच्या काडतुसातून काढलेली. त्यो म्हनला ही चांगली हाय, कोरडी हाय. आपली काळी जुनी झाली म्हनला."

मामंजींनी वाकडी पट्टी बोटांनी चाचपली. डोळ्यांना दिसत नव्हतं म्हणून चक्राचं प्रत्येक घर बोटानं तपासलं. "ती दारू हिच्यासाठी न्हाई," ते म्हणाले. "अर्धी घातली असती तरी फुटली असती. मला वाटते." मग ती खाली ठेवत, "मला बी बराबर ठाव न्हाई."

आत्याबाईंनी फडकं सोडलं आणि लगेच परत बांधलं. दोन बोटं नव्हती. त्या रडल्या नाहीत. हळद भरली, फडकं बदललं, आणि गाडी जोडायला लावली. गाडीत कडबा भरला, कडब्यात भावजींना निजवलं, आणि आमचा जुना गडी आडवाटेनं नदी उतरून त्यांना वाशीमच्या दवाखान्यात घेऊन गेला. गाडी दिसेनाशी होईपर्यंत आत्याबाई कुपाटीपाशी उभ्या होत्या. मी मात्र आजूबाजूच्या घरांच्या खिडक्या बघत होते, कुठलं दार किलकिलं आहे का.

अमीन आला तो दुसऱ्या दिवशी सकाळी. दोन शिपाई अंगणात थांबले. मी माजघराच्या दाराआड उभी होते.

मामंजींनी घोंगडी उलगडून पुढे केली. अमीननं वाकलेली पट्टी बोटानं हलवून बघितली.

"ये कैसे हुआ, पाटील?"

"फुटली, साहेब. म्हातारी झालती."

"कौन चलाया?"

"म्याच."

अमीननं त्यांचे दोन्ही हात बघितले. धडधाकट, सुरकुतलेले, कुठं खरचटलेलंही नाही. "आपके हाथ तो सलामत हैं."

मामंजी सावकाश म्हणाले, "हातात न्हवती, साहेब. भरवसा वाटंना म्हून झाडाला बांधली, सुतळीनं चाप वढला. जमा करायच्या आधी चालती का, ते बघावं म्हनलं."

"कौन सा झाड?"

"मळ्यातलं बाभळीचं."

अमीन उठला. मला वाटलं आता मळ्यात जायचं म्हणेल. तो ओसरीवर दोन पावलं चालला, वाकला आणि फरशीच्या फटीतून काहीतरी चमकतं उचललं. शिशाचं कडं होतं, गोळी दाबताना निघालेलं. केरात कधीतरी राहून गेलेलं.

"गोलियां यहां बनती हैं? घर में?"

"परवान्यात मनाई न्हवती, साहेब. आता हुकूम आला, आता बंद."

"कौन बनाता? आपकू तो दिखता नहीं."

अमीन दाराकडे बघत होता, मी उभी होते तिकडे. बाईमाणसाला बाहेर बोलवायचं की नाही, याचा विचार करत असावा. मग त्यानं ते कडं आपल्या करंगळीच्या टोकावर चढवलं, जरासं फिरवून बघितलं आणि खिशात टाकलं.

"छोटा बेटा किधर है?"

"सोयरिकीसाठी गेला, जवळा बाजारकडं."

"अच्छा." त्यानं शिपायाला खूण केली, शिपायानं फुटकी सहाबारी कापडात बांधली. पावती लिहून देताना अमीन मामंजींना म्हणाला, "मेरेकू आपकी एक बात पे यकीन नहीं, पाटील. मगर तमंचा टूटा हुआ है. टूटा हुआ तमंचा मेरे वास्ते ठीक है." आणि चहा न घेता गेला.

तो माणूस आमच्यावर दया करून गेला, की फुटकं हत्यार सहज मिळालं म्हणून त्यानं जास्त खोदलं नाही, की पुढं कधी पकडायचं म्हणून सोडून दिलं, हे मला आजही ठरवता येत नाही. त्यानंतर दोन महिने अंगणात घोड्याच्या टापा वाजल्या की मी आधी शेगडी लपवायची. साचा मामंजींनी विहिरीत टाकला होता, तरी.

पावसाळा सरता सरता हिंदुस्थानची फौज आली. लष्कराच्या मोटारी नाक्यावरून हिंगोलीकडे गेल्या, रस्त्याकडेच्या गावांतली माणसं झाडांवर चढून बघत होती. अमीन कुठं गेला कळलं नाही. निजामाचं राज्य गेलं आणि आठवड्याभरात आमच्या चावडीपुढे झेंडा घेतलेली तरुण मंडळी जमली. त्यांच्याजवळ गावोगावच्या पाटलांबद्दल ऐकलेल्या गोष्टी होत्या. आमच्या मामंजींबद्दल होतं ते असं, की अमीन त्यांच्या ओसरीवर बसायचा, आणि गरजेच्या वेळी त्यांनी पोरांना पिस्तूल न देता ते अमीनच्या स्वाधीन केलं.

"पावती हाय तुमच्यापाशी," त्यातला एक म्हणाला. "खरं का खोटं?"

"खरं हाय," मामंजी म्हणाले.

मी चावडीशेजारच्या घराच्या ओट्यावर बायकांत उभी होते. गर्दीत कुजबुज झाली. ज्या लोकांनी वर्षानुवर्षं त्या सहाबारीच्या आवाजावर विसंबून झोप घेतली होती तेच आता एकमेकांकडे अर्थपूर्ण बघत होते. मामंजी पुढं काही बोलतील असं मला वाटलं. ते बोलले नाहीत. पोराचं नाव घ्यावं लागलं असतं.

भावजी त्या मंडळींतच होते. वाशीमहून परतून त्यांना थोडेच दिवस झाले होते. ते पुढे आले आणि उजवा हात वर केला. तीन बोटांचा.

"सहाबारी फुटकी दिली त्यांनी अमीनला," ते म्हणाले. "माझ्या हातात फुटली. मी नेली होती घरातून, यांना न इचारता. यांनी अमीनला सोताचं नाव सांगितलं."

मग कुणी काही विचारलं नाही. मंडळी पुढच्या गावाला गेली. पण पाटलानं तिकडंही आणि इकडंही सांभाळलं, असं म्हणणारे आमच्या गावात राहिलेच, आणि मामंजी गेले तेव्हाही होते.

त्या संध्याकाळी मामंजींनी भावजींना एकच विचारलं. "ती दारू कुणी दिलती?"

"इचारून काय करता, आबा."

"असल्या पिस्तुलात ती चालत न्हाई हे त्याला ठाव होतं का न्हवतं, एवढंच."

"तेच तं मला बी ठाव न्हाई," भावजी म्हणाले. "रोज शेजारी जेवायचा तो. हसून बोलायचा. माझ्या हातात ती पुडी देताना जरा लांब जाऊन उभा ऱ्हायला, असं मला आता आठवते. तवा तसं वाटलं न्हवतं. खरंच लांब गेला होता का मीच आता तसं आठवून राहिलो, काय सांगावं?"

ते नाव त्यांनी कधीच सांगितलं नाही. छावणीतले जुने सोबती भेटायला यायचे, ओसरीवर गप्पा व्हायच्या, आणि भावजी त्यांच्यातल्या कुणाकडे तरी जरा जास्त वेळ बघत राहायचे. कुणाकडे, ते मला ओळखता आलं नाही.

माझ्याशी मात्र ते एकदा बोलले. परसात मी तुरी झोडपत होते, ते डाव्या हातानं कोयता चालवायला शिकत होते.

"वहिनी," वर न बघता ते म्हणाले, "पुड्या फाडल्या त्या दिवशी मी दादाचं नाव घेतलं. माजघरात."

"व्हय."

"त्याला सांगितलं का तुमी?"

"न्हाई."

"सांगू नका."

मी मान हलवली. ह्यांना मी खरंच कधी सांगितलं नाही. हिंगोलीच्या कचेरीत पुढे मराठी आली, उर्दू गेली, ह्यांची बदली झाली, आम्ही गाव सोडलं. पण सुटीला गावी गेलो की हे मला हमखास विचारायचे, "धाकटा माझ्याशी बोलताना माझ्या तोंडाकडे काहून बघत न्हाई?" मी म्हणायची, त्यांचा स्वभावच तसा आहे. हे माझ्याकडे जरा वेळ बघत राहायचे, आणि मग बैलांना चारा टाकायला निघून जायचे.